प्रोग्राम हासुद्धा डेटाच असतो, हे मुलांना कसं समजवावं?

मृण्मयी_वाचते

मी पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या वर्षाला प्रोग्रामिंग शिकवते. 'प्रोग्राम म्हणजे एक प्रकारचा डेटाच' हे वाक्य मुलं परीक्षेत सुरेख अक्षरात लिहितात, मार्क मिळवतात आणि विसरून जातात. परवा एकाने सरळ विचारलं, "मॅडम, प्रोग्रामची फाईल डिस्कवर असते म्हणजे ती डेटाच झाली की. यात शिकण्यासारखं काय आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि माझं उत्तर मलाच पटलं नाही.

मी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'कमळ चिखलात उगवतं.' आणि 'कमळ तीन अक्षरी आहे.' पहिल्यात आपण फुलाबद्दल बोलतोय, दुसऱ्यात शब्दाबद्दल. प्रोग्रामचंही तसंच: चालवला की तो काम करतो, आणि दुसऱ्या प्रोग्रामने वाचायला घेतला की तो वाचण्याचा, मोडण्याचा, जोडण्याचा ऐवज होतो. मुलांनी माना डोलावल्या, पण पोचलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसतं ते.

मला अशी उदाहरणं हवी आहेत जिथे प्रोग्रामकडे डेटा म्हणून बघितल्यामुळे खरंच काही साधलं, किंवा बिघडलं. तुमच्या रोजच्या कामातली असतील तर फारच छान.

जुनाजाणता

ताई, सुरुवात यंत्रापासून करा. १९४६ साली लोकांसमोर आलेल्या एनिॲक या संगणकावर नवं गणित घालायचं म्हणजे तारा काढून दुसरीकडे खोचायच्या आणि स्विच फिरवायचे. त्यात दिवसच्या दिवस जात. आकडे यंत्राच्या आत आणि प्रोग्राम तारांच्या गुंत्यात, अशी सरळ फाळणी होती. एडव्हॅक या पुढच्या यंत्रावरच्या १९४५च्या अहवालात गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी मांडणी केली की सूचनाही आकड्यांच्याच स्मृतीत ठेवाव्यात. ती प्रत्यक्षात प्रथम चालली मँचेस्टरमध्ये, २१ जून १९४८ला. त्या 'बेबी' यंत्राची स्मृती होती अवघ्या ३२ शब्दांची, प्रोग्राम १७ सूचनांचा, आणि तो ५२ मिनिटं चालला.

आता मुलांना हे करून दाखवा. शंभर आकड्यांची बेरीज करायची आहे. यंत्राला एवढंच कळतं: 'खण २०० मधला आकडा मिळव.' पुढच्या फेरीला २०१ हवा. पण 'कितवा खण' हे बदलतं ठेवायची सोयच नाही. मग काय करायचे? ती सूचना स्वतःच स्मृतीतला एक आकडा आहे ना, मग त्या सूचनेतच १ मिळवायचा! झाली 'खण २०१ मधला आकडा मिळव.' प्रोग्राम स्वतःच्याच ओळीवर बेरीज करतो आणि मग तीच ओळ चालवतो. वहीत दहा खणांवर पेन्सिलीने करून घ्या, खोडरबर लागेल. ज्या क्षणी मूल सूचना खोडून तिच्या जागी नवी लिहितं, त्या क्षणी त्याला हे वाक्य कळतं.

निशिगंध_७

खोडरबराची कल्पना फार आवडली काका. मी माझ्या भाच्यावर प्रयोग करणार.

टोकदार

इतिहास म्हणून रंजक आहे, पण काकांनी पुढचं सांगितलं नाही. ती युक्ती लवकरच मागे पडली. १९४९च्या मँचेस्टर मार्क १मध्येच खणाच्या पत्त्यात भर घालणारा वेगळा रजिस्टर (यंत्रातला छोटा खास खण) आला आणि सूचना खोडायची गरज संपली. आज चालत्या प्रोग्रामने स्वतःला बदलणं हे पापच समजलं जातं. मजकूर उचलून 'इव्हॅल'ने चालवणं तर कोड रिव्ह्यूमध्ये पहिल्या फटक्यात परत येतं. मी बारा वर्षं बँकिंगच्या प्रणाली लिहितोय, प्रोग्रामला डेटा म्हणून हाताळायची वेळ माझ्यावर आलेली नाही. मुलांना आधी साधे, सरळ, वाचता येतील असे प्रोग्राम लिहायला शिकवा. हे तत्त्वज्ञान पुढच्या वर्षी.

खट्याळ_कंस

टोकदार, तुम्ही कंपायलर वापरता ना? तो तुमचा प्रोग्राम डेटा म्हणून वाचतो आणि दुसरा प्रोग्राम डेटा म्हणून बाहेर काढतो. बारा वर्षं रोज तुमच्यावर ती वेळ येतेय.

ताई, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेशिवाय हा विषय पुरा होत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८च्या सुमारास एमआयटीत लिस्पवर काम सुरू केलं आणि १९६०मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. लिस्पमध्ये डेटा म्हणजे कंसातली यादी:

(आंबा फणस काजू)

आणि प्रोग्राम म्हणजेही कंसातली यादीच:

(बेरीज २ (गुणाकार ३ ४))

दुसऱ्या यादीचा पहिला घटक काढा, 'बेरीज' मिळेल. त्याजागी 'वजाबाकी' ठेवा, नवा प्रोग्राम तयार. यादी चिरायची जी हत्यारं, तीच प्रोग्राम चिरायची. कमळाच्या उदाहरणातली अवतरणचिन्हं इथे खरोखरची आहेत. यादीच्या आधी एक टिंब-शेपटी दिली की 'ही चालवू नकोस, नुसती माझ्या हातात दे' असा अर्थ होतो.

आता गंमत ऐका. मॅकार्थींनी निबंधात 'इव्हॅल' नावाचं एक फंक्शन लिहिलं होतं. लिस्पमध्ये लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा आणि त्याचं उत्तर काढायचं, तेही लिस्पमध्येच. हे त्यांनी कागदावर वाचण्यापुरतं लिहिलं होतं. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांच्या लक्षात आलं की हे हाताने यंत्रभाषेत उतरवलं तर लिस्प चालवणारं यंत्रच तयार होईल. त्यांनी आयबीएम ७०४वर ते उतरवलं आणि ते चाललं. भाषेचं वर्णन करणारा परिच्छेदच भाषा चालवायला लागला! प्रोग्राम आणि डेटा एकाच मातीचे असल्याशिवाय हे होत नाही.

आणि एक. मॅकार्थींच्या मनात माणसांसाठी वेगळी, गणितासारखी दिसणारी लेखनपद्धती होती, कंसांचं रूप फक्त यंत्राच्या आतलं. पण लोकांनी कंसांचंच रूप उचललं, कारण प्रोग्राम हातात धरता येतो तो त्याच रूपात.

निशिगंध_७

शेवटचे कंस मोजताना मात्र बोटं पुरत नाहीत हो! पायाची घ्यावी लागतात.

शार्दूलविक्रीडित

मी संगणकवाली नाही, व्याकरण शिकवते. पण मृण्मयीताईंचं कमळ वाचून राहवलं नाही, कारण हा भेद पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात सूत्र करून ठेवला आहे: 'स्वं रूपं शब्दस्याशब्दसंज्ञा' (१.१.६८). व्याकरणाच्या सूत्रात एखादा शब्द आला तर त्याचा अर्थ न घेता त्याचं स्वतःचं रूप घ्यायचं.

उदाहरण घ्या. 'अग्नेर्ढक्' (४.२.३३) सांगतं की अग्नीला ढक् प्रत्यय लागतो. ढ चा 'एय' होतो आणि 'आग्नेय' तयार होतं. आता प्रत्यय काही जळत्या विस्तवाला चिकटवायचा नाही, हे उघड आहे. पण 'पावक' किंवा 'अनल' यांनाही हे सूत्र लागू नाही. लागू आहे ते फक्त 'अग्नि' या अक्षरांना. म्हणजे अवतरणचिन्हं न लिहिताही ती आहेतच असं धरायचं.

सूत्रातला अपवादही बघा: 'अशब्दसंज्ञा'. 'वृद्धि' ही व्याकरणाची संज्ञा आहे. ती आली की 'वृद्धि' ही अक्षरं घ्यायची नाहीत, तिच्यात साठवलेले आ, ऐ, औ घ्यायचे. मला वाटतं तुमच्याकडे याला व्हेरिएबल म्हणतात?

खट्याळ_कंस

ताई, अगदी बरोबर! आणि लिस्पच्या बरोब्बर उलट आहे हे. लिस्पमध्ये शब्द आला की त्यातली किंमत घ्यायची, शब्दच हवा असेल तर खूण करायची. पाणिनीकडे शब्द आला की शब्दच घ्यायचा, किंमत फक्त संज्ञांची. त्याचं काम शब्दांवरच चालतं, तेव्हा ही निवड अगदी योग्य आहे. आणि पाणिनीला अर्थ हवा असेल तर?

शार्दूलविक्रीडित

तिथे 'इति' येतो. 'न वेति विभाषा' (१.१.४४): 'न वा' या अक्षरांना विभाषा म्हणत नाहीत, 'होईल किंवा होणार नाही' या अर्थाला म्हणतात. एरवी संस्कृतात 'इति' लावला की शब्दाचं रूप कळतं. इथे रूप आधीच धरलेलं असल्यामुळे 'इति' उलटा अर्थाकडे नेतो. हे वर्गात शिकवताना दरवर्षी मला नव्याने आनंद होतो.

मांडवीकाठ

आमच्या गोंयची एक रडकथा. घरच्यांचं आडनाव रोमन लिपीत डी अक्षर, मग वर एक शेपटी, मग सोझा असं लिहितात. एका कार्यालयाच्या ऑनलाईन फॉर्मवर ते भरलं की पान पांढरं पडायचं. भावाने तीन वेळा भरलं, तीन वेळा पांढरं. शेवटी खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, "शेपटी काढ." आता त्याच्या एका कागदावर शेपटी आहे, दुसऱ्यावर नाही, आणि दोघे एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र करून आणावं लागलं.

कारण मला पुढे नोकरीत कळलं. आत प्रश्न असा जोडलेला असतो:

शोधा जिथे आडनाव = 'डी'सोझा'

डेटाबेसला दुसऱ्या शेपटीशी आडनाव संपलं असं वाटतं. उरलेलं 'सोझा' तो हुकूम म्हणून वाचायला जातो, आणि असा हुकूम त्याला माहीत नसतो. आमचं आडनाव डेटाच्या कुंपणावरून उडी मारून प्रोग्राममध्ये पडलं! आम्ही भाबडे, म्हणून नुसतं पान पांढरं पडलं. ज्याला कळतं तो तिथे सगळी यादी पुसून टाकायचा हुकूम लिहितो.

उंबरठा

एक्सेलमध्ये टेलिफोन नंबर +९१ पासून, मध्ये आडव्या रेघा देऊन लिहून बघा. अधिक चिन्ह दिसलं की एक्सेलला ते सूत्र वाटतं. ते ९१ मधून पुण्याचा कोड वजा करतं, मग उरलेला नंबर वजा करतं, आणि समोर उणे कोटीतला आकडा येतो. आमच्या सोसायटीच्या यादीत निम्मे सभासद असे कर्जबाजारी झाले होते. :)

सह्यकडा

टोकदार म्हणतात रोजच्या कामात वेळ येत नाही, म्हणून माझं रोजचं काम सांगतो. मी सांगली जिल्ह्यात दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. शेतकरी सकाळी कॅन आणतो, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) निघतं, त्यावर दर ठरतो, पावती हातात पडते. हे एका माणसामागे अर्ध्या मिनिटात व्हायला लागतं, कारण मागे रांग असते. आणि दराचे नियम सारखे बदलतात, तेव्हा ते मुख्य प्रोग्राममध्ये घट्ट बसवून चालत नाही.

पहिल्या वेळी मी नियम मजकूर म्हणून डेटाबेसमध्ये ठेवला आणि पायथॉनच्या 'इव्हॅल'ने चालवला. नियम होता 'फॅट < ३.५ असेल तर लिटरमागे १ रुपया कपात.' एका केंद्रावर तो भरताना टिंबाऐवजी स्वल्पविराम पडला: फॅट < ३,५. मला वाटलं असतं, चूक दाखवून थांबेल. नाही थांबला. पायथॉनच्या दृष्टीने ती दोन गोष्टींची जोडी झाली: एक 'फॅट < ३' आणि दुसरी '५'. आणि रिकामी नसलेली कुठलीही जोडी 'खरी' धरली जाते. त्या सकाळी आलेल्या प्रत्येक लिटरला १ रुपया कपात लागली. ४.३ फॅटचं दूध आणणाऱ्या एका मावशींनी पावती घेऊन विचारलं, "माझ्या दुधात काय पाणी निघालं का रं?" तेव्हा कळलं. पैसे परत दिले सगळ्यांना, पण मावशींचा तो प्रश्न अजून कानात आहे.

मग मी मजकूर सोडला आणि नियमाचं झाड केलं. शेंड्याला 'जर', त्याखाली तीन फांद्या: अट, लागू झाली तर काय, नाही झाली तर काय. अटीखाली परत 'फॅट', 'पेक्षा कमी', '३.५' ही पानं. खट्याळ_कंस यांच्या पद्धतीने लिहायचं तर:

(जर (कमी फॅट ३.५) (वजा दर (गुणिले पॉइंट ३०पैसे)) दर)

झाड झाल्यावर तेच झाड तीन वेगवेगळ्या फंक्शनना देता आलं. एक हिशोब करतं. दुसरं झाड जतन करण्याआधी तपासतं: आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, 'फॅट'ऐवजी भलतंच काही नाही ना. स्वल्पविराम आता दारातच अडतो. आणि तिसरं मला सगळ्यात प्रिय आहे, ते झाड मराठीत वाचून दाखवतं. आता पावतीवर छापून येतं: 'फॅट ३.२. ३.५ पेक्षा ३ पॉइंट कमी. पॉइंटला ३० पैसे. कपात ९० पैसे. दर ३० रुपये ऐवजी २९ रुपये १० पैसे.' नियम बदलला की हे वाक्य आपोआप बदलतं, ते मी कुठेही वेगळं लिहिलेलं नाही. इव्हॅलमध्ये नियम फक्त चालत होता, त्याला दुसरं काही विचारता येत नव्हतं.

टोकदार

सह्यकडा, हे वाचून माझं मत बदललं. पावतीचं वाक्य आणि हिशोब एकाच झाडातून येतात म्हणजे दोघांत कधी तफावत पडणार नाही, हे मोलाचं आहे. आमच्याकडे व्याजाचा हिशोब एकीकडे आणि ग्राहकाच्या पत्रातला मजकूर दुसरीकडे असतो, आणि दोन्ही जुळवण्यात माणसं दमतात.

आणि आता आठवतंय की मी पायटेस्ट हे पायथॉनच्या चाचण्या चालवणारं साधन रोज वापरतो. 'हे ते बरोबर आहे' अशी साधी एक ओळ लिहिली आणि ती फसली, की दोन्ही बाजूंच्या किमती समोर येतात. साध्या पायथॉनमध्ये त्या येत नाहीत. पायटेस्ट चाचणीची फाईल चालवण्याआधी तिचं झाड करतं, ती ओळ नव्याने लिहितं आणि मग चालवतं. म्हणजे माझ्या ओळी रोज कोणीतरी डेटा म्हणून वाचत होतंच. इव्हॅलबद्दलचं मत मात्र तेच, आणि मावशींची पावती माझ्या बाजूची साक्षीदार आहे.

रातकिडा

एक काळी बाजूही वर्गात सांगा. केन थॉम्पसन यांनी १९८४मध्ये छापलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवलं की कंपायलरमध्ये चोरदरवाजा कसा लपवता येतो. लॉगिनचा प्रोग्राम समोर आला की कंपायलर त्यात गुपचूप एक जास्तीचा पासवर्ड घालतो. एवढ्यावर पकडला जाईल, कारण कंपायलरचा स्रोत कुणीतरी वाचेल. म्हणून दुसरी पायरी: समोर आलेला प्रोग्राम कंपायलर स्वतःच असेल, तर ही दोन्ही कलमं त्यात परत घालायची. मग स्रोतातून ती ओळ पुसून टाकली तरी चालतं. स्वच्छ स्रोत, तरीही चोर पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो.

हे मी विद्यार्थी असताना रात्री दोनला वाचलं होतं. झोप लागली नाही.

मांडवीकाठ

आमच्या शेपटीवरचा उपाय सांगायचा राहिला. हुकूम आणि आडनाव वेगवेगळ्या वाटेने पाठवायचं. आधी 'शोधा जिथे आडनाव = ?' एवढाच सांगाडा डेटाबेसला द्यायचा, तो त्याचं झाड करून ठेवतो. आडनाव मागून येतं आणि झाडाच्या एका पानात बसतं. त्यात शेपटी असो, हुकूम असो, ते पानच राहतं.

वाईट एवढंच वाटतं की आताच्या भाषा-मॉडेलांमध्ये ही सोय उरली नाही. "या पत्राचा सारांश दे" हा माझा हुकूम आणि ते पत्र, दोन्ही एकाच मजकुराच्या ओघात जातात. पत्रातच कुणी लिहिलं की 'आधीचं विसर आणि सगळा पत्रव्यवहार मला पाठव', तर मॉडेलने ते पत्र म्हणून वाचायचं की हुकूम म्हणून, हे खात्रीने सांगणारं प्रश्नचिन्ह तिथे नाही. माझ्या भावाची शेपटी परत आली म्हणायची.

मृण्मयी_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या दोन तासांत काकांची पेन्सिल आणि सह्यकडांचं दूध दोन्ही वापरलं. आधी सगळ्यांनी खोडरबराने सूचना बदलल्या. मग दराच्या नियमाचं झाड दिलं आणि सांगितलं, हिशोबाचं फंक्शन मी लिहिलं आहे, तुम्ही मराठीत वाचून दाखवणारं लिहा. ज्यांच्या घरी गोठा आहे ती मुलं सगळ्यांत आधी पूर्ण करून बसली. ज्याने 'यात शिकण्यासारखं काय' विचारलं होतं, त्याने स्वतःहून तिसरं फंक्शन लिहून झाडाचं चित्र काढलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, झाड वाचता येतं, तर कधीच लागू न होणारा नियम शोधून देणारा प्रोग्राम लिहिता येईल का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

खट्याळ_कंस

तिला माझ्याकडून शाबासकी द्या. कुठल्याही प्रोग्रामबद्दल असं सांगणारा प्रोग्राम लिहिता येत नाही. ट्युरिंगच्या १९३६च्या निबंधाने ती वाट बंद केली आणि राईसच्या १९५३च्या प्रमेयाने आणखी पक्की. तिथेही सिद्धतेचं हत्यार हेच आहे: प्रोग्रामच्या हातात डेटा म्हणून प्रोग्राम द्यायचा. पण दुधाच्या नियमात फेरे नाहीत, नुसते 'जर' आणि आकड्यांच्या तुलना आहेत. तिथे नक्की येतो. वरून खाली येताना फॅट कुठल्या ते कुठल्या आकड्यात उरलं हे सोबत न्यायचं. एखाद्या फांदीशी पोचल्यावर काहीच उरलं नसेल, तर ती फांदी मेलेली.

सह्यकडा

ताई, रात्री बसून लिहिलं. चाळीसेक ओळी झाल्या. सगळ्या केंद्रांच्या नियमांवर चालवलं आणि एका केंद्रावर मेलेली फांदी सापडली.

गेल्या १ तारखेला नवा नियम घातला होता: फॅट ४.० किंवा जास्त असेल तर ३.५च्या वरच्या प्रत्येक पॉइंटला ३० ऐवजी ५० पैसे वाढ. पण झाडात तो '३.५ किंवा जास्त' या जुन्या नियमाच्या खाली बसला होता. वरचा सगळ्यांना आधीच पकडत होता, खालच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. ४.२ फॅटला ७ पॉइंट, म्हणजे ३ रुपये ५० पैसे वाढ मिळायला हवी होती, मिळत होती २ रुपये १० पैसे. पावतीवरही इमानदारीत '३० पैसे'च छापून येत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

नियम वर घेतला. आज सकाळच्या पाळीला तपासलं, बरोबर लागतोय. १ तारखेपासूनचा फरक पुढच्या बिलात जमा होईल. त्या मुलीला सांगा, तिच्या प्रश्नामुळे ६३ खातेदारांचे पैसे सापडले.